लाए ते हाउलंड, सुमारे 4,100 किलोमीटर

मागच्या आठवड्यात ऑफिसात एक किरकोळ काम अंगावर आलं होतं. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश द्यायचे आणि मधलं अंतर आणि अंदाजे प्रवासाचा वेळ काढून द्यायचा, असं एक फंक्शन लिहायचं होतं. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शोभेल असं काम. घाईघाईत सरळ पायथागोरस लावला, पुणे-दिल्लीला उत्तर बऱ्यापैकी बरोबर आलं, खूश झालो. मग सवयीप्रमाणे आडव्यातिडव्या टेस्ट केसेस टाकायला लागलो. पॅसिफिकमधली बेटं घेतली. न्यू गिनी बेटावरचं लाए, 147 अंश पूर्व. हाउलंड बेट, साधारण 176.6 अंश पश्चिम. उत्तर आलं जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर! म्हणजे माझं विमान शेजारच्या बेटावर जायला पृथ्वीला उलटा वळसा घालत होतं. 180 अंशाची रेघ ओलांडली की पूर्वेचं पश्चिम होतं, हे फंक्शनला कुणी सांगितलंच नव्हतं.

चूक सुधारली, गोलाकार पृथ्वीचं सूत्र घातलं, आणि उत्तर आलं 4,121 किलोमीटर. जुन्या पुस्तकांमधे हेच अंतर 2,556 मैल दिलेलं असतं, म्हणजे 4,113 किलोमीटर. आठ किलोमीटरचा फरक मी सोडून दिला.

आता हीच दोन नावं का टाकली? तर अमेलिया एअरहार्टमुळे. शाळेत असताना एका दिवाळी अंकात तिच्यावर एक लेख वाचला होता, 'रहस्यमय' वगैरे शीर्षकाचा. तेव्हापासून ही दोन नावं डोक्यात चिकटून बसली आहेत. 2 जुलै 1937 ला ती आणि तिचा नेव्हिगेटर फ्रेड नूनन लाएहून हाउलंडकडे निघाले आणि पोचले नाहीत. त्या लेखात जपानी हेरगिरी, निर्जन बेट, हाडं असा सगळा मसाला होता. या शनिवार-रविवारी पुन्हा वाचायला बसलो तर मला रहस्यापेक्षा भलतंच काही दिसायला लागलं. एखाद्या फसलेल्या रिलीजनंतर आम्ही 'नेमकं कुठे काय झालं' याची मीटिंग घेतो ना, अगदी तसं.

पण आधी थोडी पार्श्वभूमी. (कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण सोडू नका.)

हाउलंड हे बेट म्हणजे नकाशावर पडलेली धूळ. विषुववृत्ताच्या जेमतेम वर, सुमारे अडीच किलोमीटर लांब, पाऊण-एक किलोमीटर रुंद, आणि समुद्रसपाटीपासून फार तर पाच-सहा मीटर उंच. प्यायला पाणी नाही, झाडं नावालाच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने पक्ष्यांच्या विष्ठेसाठी, म्हणजे खतासाठी, असली बेटं ताब्यात घेतली. 1856 साली त्यासाठी चक्क कायदा केला. खत संपलं आणि सगळे बेट विसरून गेले. 1930 च्या दशकात विमानं लांब पल्ल्याची झाली आणि अचानक लक्षात आलं की पॅसिफिक ओलांडायचा तर मधे थांबायला जागा लागणार. ब्रिटिशांचाही या भागावर डोळा होता. मग 1935 पासून अमेरिकेने हवाईमधली तरुण मुलं चार-चारच्या तुकड्यांनी इथे आणून ठेवली. कशाला, तर 'आमची माणसं इथे राहतात' असं म्हणता यावं म्हणून. यातल्याच एका मुलाच्या, जेम्स कामाकाइवीच्या नावावरून तिथल्या धावपट्ट्यांना कामाकाइवी फील्ड म्हणायला लागले. त्या धावपट्ट्या 1937 मधे तयार केल्या त्या अमेलियाच्या उड्डाणासाठी.

दुसरं टोक लाए. तिथला विमानतळ गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता. डोंगरापलीकडे बुलोलो भागात सोनं सापडलं होतं, रस्ता नव्हता, म्हणून सोनं काढायची अजस्र यंत्रं सुटे भाग करून विमानातून नेली गेली. पण धावपट्टी गवताची, सुमारे 900 मीटर, आणि पुढे थेट समुद्र.

आता अमेलिया. जगप्रदक्षिणा विषुववृत्ताच्या जवळून करायची असा तिचा बेत होता. पहिला प्रयत्न मार्च 1937 मधे, पूर्वेकडून पश्चिमेकडे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून होनोलुलूला ती पोचली, पण 20 मार्चला हाउलंडसाठी उड्डाण करताना धावपट्टीवरच विमान गरकन फिरलं आणि मोडलं. त्या खेपेला तिच्याबरोबर हॅरी मॅनिंग नावाचा बोटीवरचा कॅप्टन होता. त्याला रेडिओ आणि मोर्स कोड दोन्ही उत्तम येत असे. या अपघातानंतर तो मोहिमेतून बाहेर पडला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या प्रयत्नात दिशा उलटी केली, पश्चिमेकडून पूर्वेकडे. 1 जूनला मायामी सोडलं. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मग तांबड्या समुद्राच्या काठावरून थेट कराची. कराची तेव्हा हिंदुस्थानातच. सिंध वेगळा प्रांत होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, त्याआधी तो आपल्या मुंबई इलाख्यातच होता. 1932 मधे जेआरडी टाटा पस मॉथ घेऊन मुंबईला निघाले ते याच कराचीहून. तिथे अमेलिया उंटावरही बसली, फोटो आहे तिचा. 17 जूनला कलकत्ता, डमडम. पाऊस सुरू झाला होता, मैदानात चिखल. दुसऱ्या दिवशी त्या चिखलातून जड विमान कसंबसं उचललं गेलं. पुढे ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर मान्सूनने त्यांना एकदा चक्क मागे परतायला लावलं. आपला जूनमधला पाऊस तिने विमानातून अंगावर घेतला होता हे वाचून मला उगीचच जवळीक वाटली.

29 जूनला लाए. 35 हजार किलोमीटर झाले होते, 11 हजार उरले होते. उरलेले सगळे पाण्यावरचे.

इथून पुढे मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

आकडे बघा. 4,100 किलोमीटरवर अडीच किलोमीटरचं बेट. प्रमाण लावलं तर चार किलोमीटरवर उभ्या असलेल्या एका ट्रकच्या रुंदीएवढं. दिशा एक अंशाने चुकली तर शेवटी तुम्ही 72 किलोमीटर बाजूला. नूनन तारे आणि सूर्य बघून जागा काढायचा, पण त्यासाठी घड्याळ बिनचूक लागतं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तापाशी जवळजवळ दोन किलोमीटर चुकतात. एक मिनिट चुकलं तर अठ्ठावीस. लाएमधे रेडिओवरचा वेळेचा संकेत नीट मिळेना म्हणून निघायला उशीर झाला, तो यासाठी. नूनन काही नवशिक्या नव्हता. 1935 मधे पॅन अमेरिकनच्या चायना क्लिपरने होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला असा पॅसिफिक पहिल्यांदा टपाल घेऊन ओलांडला, तेव्हा नेव्हिगेटर हाच होता.

मग तिथे जमलं आणि इथे का नाही? माझ्या मते सगळी गोम इथे आहे. पॅन अमेरिकनने आधी एक अख्खं जहाज भरून माणसं आणि सामान मिडवे आणि वेकवर उतरवलं होतं. प्रत्येक बेटावर दिशाशोधक रेडिओ केंद्र होतं. विमान नुसतं संदेश पाठवत राही आणि जमिनीवरची माणसं त्याला सांगत, 'तू आमच्या अमुक दिशेला आहेस'. ताऱ्यांनी बेटाच्या शंभरेक किलोमीटरवर आणून सोडायचं आणि शेवटचा टप्पा रेडिओने, असा हिशोब. हाउलंडला ही व्यवस्था नव्हती. तिथे उभं होतं अमेरिकन तटरक्षक दलाचं इटास्का हे जहाज, आणि अमेलियाच्या विमानात एक नवं कोरं दिशाशोधक यंत्र. दोघांनी एकमेकांना ओळखायचं होतं आणि दोघांची आधी एकदाही रंगीत तालीम झाली नव्हती.

2 जुलैला सकाळी दहा वाजता लाएहून उड्डाण. सुमारे 1,100 गॅलन, म्हणजे चार हजार लिटरच्या वर इंधन. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत धावलं आणि पाण्याला जेमतेम टाळत वर गेलं. पोचायची अपेक्षित वेळ अठरा-एकोणीस तासांनी, म्हणजे हाउलंडच्या घड्याळात 2 जुलैचीच सकाळ, साडेसहा-साडेसात. वाराची रेघ मधे असल्यामुळे निघायच्या आधी पोचायचं असा मामला!

आणि इटास्काचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेअकरा तास मागे होतं. साडे! हे वाचल्यावर मी टुणकन उडालो, कारण अर्ध्या तासाने मला एकदा चांगलंच पोळलंय. गेल्या वर्षी आमचा एक क्लायंट ॲडलेडचा होता, ग्रीनिचच्या साडेनऊ तास पुढे. आपण साडेपाच. फरक बरोबर चार तासांचा, म्हणून मी डोळे मिटून तेवढेच घातले. तिकडे उन्हाळ्याची वेळ सुरू झाली आणि रात्रीचा जॉब, जो सगळे ऑफिसात यायच्या आधी संपायला हवा होता, तो तासभर उशिरा सुरू होऊन लोक काम करत असतानाच त्यांच्या ऑर्डर्स लॉक करून बसला. अख्खा शनिवार निस्तरण्यात गेला. आणि मुख्य म्हणजे पहिले चार तास मी 'माझ्याकडे तर बरोबर चालतंय' हेच म्हणत होतो.

तेव्हा मला वाटलं, सापडला बग! काही लेखकांनीही या अर्ध्या तासाकडे बोट दाखवलंय. पण जरा कागदावर मांडून बघा. अमेलियाने कळवलं होतं की ती सव्वाच्या ठोक्याला बोलेल, जमलं तर पावणेच्याही. इटास्काने तासाला आणि अर्ध्या तासाला पाठवायचं. यात तीस मिनिटं मिळवली तर सव्वाचे पावणे होतात आणि पावणेचे सव्वा. वेळापत्रक जसंच्या तसं राहतं! म्हणजे निदान या कारणाने चुकामूक व्हायला नको होती. मी हिरमुसलो, पण गणित ते गणित.

खरा घोटाळा दुसरीकडे होता. अमेलियाने तार करून इटास्काला सांगितलं की दिशा शोधण्यासाठी 7500 किलोसायकलवर संकेत पाठवा. आता तिच्या विमानातलं वळं, म्हणजे दिशाशोधक अँटेना, इतक्या उच्च वारंवारतेवर दिशा दाखवूच शकत नव्हतं. ते काम शेकड्यांतल्या वारंवारतेचं, हजारोंतल्या नव्हे. मग तिने हा आकडा काढला कुठून? काही अभ्यासकांचा एक अंदाज आहे, आणि तो मला फार पटतो. दिशा शोधायला योग्य वारंवारता होती 400 किलोसायकल. तेव्हा लोक वारंवारतेऐवजी तरंगलांबीही सांगत. 400 किलोसायकल म्हणजे किती मीटर? तीन लाखाला 400 ने भागा. 750. कुणीतरी कागदावर '750' लिहिलं, कुणीतरी ते मीटरऐवजी वारंवारतेच्या खात्यात वाचलं, आणि त्याचं 7.5 मेगासायकल झालं. असं झालं असेल तर हा निव्वळ एककाचा बग आहे. 1999 मधे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी नष्ट झालं, ते एका टीमने पौंडात आणि दुसरीने न्यूटनमधे हिशोब केला म्हणून. त्याचाच हा पणजोबा. सिद्ध करता येणार नाही, कारण तो कागद कुणाकडे नाही.

पण मला जास्त टोचलं ते दुसरंच. हा बग पकडता आला असता. 1 जुलैला लाएमधे तिने चाचणी उड्डाण केलं आणि दिशाशोधक वापरून बघितला. दिशा सापडली नाही. गिनी एअरवेजचे तिथले मॅनेजर एरिक चॅटर यांनी नंतर लिहिलेल्या अहवालात याची नोंद आहे. तेव्हा निष्कर्ष काय काढला? केंद्र फार जवळ होतं, संकेत फार जोरात होता, म्हणून जमलं नसेल. टेस्ट फेल झाली, तिला एक बरंसं कारण लावलं, आणि रिलीज पुढे गेला. हे वाचताना माझे कान गरम झाले. तिकडे इटास्कावरच्या रेडिओवाल्यांनीही 7500 या आकड्यावर हरकत घेतली नाही. बाईंनी सांगितलंय, त्यांना त्यांचं यंत्र माहीत असणार!

आणि मॅनिंग नव्हता. अमेलिया आणि नूनन दोघांपैकी कुणाचाही मोर्सवर त्याच्यासारखा हात नव्हता. जहाजं ज्या 500 किलोसायकलवर एकमेकांशी बोलत, त्यासाठी लागणारी विमानामागे सोडायची लांब तारही वाटेत काढून टाकली होती. वजन कमी, कटकट कमी.

पुढचं सगळं इटास्काच्या रेडिओच्या नोंदवहीत आहे. मुख्य रेडिओवाला होता लिओ बेलार्ट्स. पहाटे पावणेतीनला तिचा आवाज पहिल्यांदा आला, ढगाळ आहे एवढंच कळलं. 6:14 ला ती म्हणाली 200 मैलांवर आहोत. 6:45 ला म्हणाली 100 मैल. (एकतीस मिनिटांत शंभर मैल त्या विमानाला नेहमीच्या वेगाने शक्य नव्हतं, तेव्हा हे दोन्ही आकडे अंदाजाचे.) दोन्ही वेळा तिने विचारलं, आमची दिशा सांगा. बेटावर एक उसनं आणलेलं यंत्र होतं, पण त्याच्या बॅटऱ्या रात्रभरात उतरल्या होत्या आणि ती बोलायची काही सेकंदच. इटास्का उत्तरं देत होतं. तिला ती ऐकू येत नव्हती.

7:42 ला ती म्हणाली की आम्ही तुमच्या डोक्यावरच असायला हवं, पण तुम्ही दिसत नाही, इंधन कमी होतंय. आवाज इतका जोरात होता की माणसं डेकवर धावली, इंजिनाची घरघर ऐकू येते का बघायला. इटास्का बॉयलरमधून काळा धूर सोडत होतं. आठच्या सुमाराला शेवटी एकदाच तिला इटास्काचा संकेत मिळाला, 7500 वर. मिळाला, पण दिशा मिळेना, असं तिने कळवलं. अख्ख्या रात्रीत दोघांचा एवढाच एक संवाद झाला, आणि तोही नेमका नको त्या वारंवारतेवर.

8:43 ला शेवटचा संदेश. आम्ही 157-337 रेषेवर आहोत, उत्तर-दक्षिण शोधतोय. हा आकडा मला आधी कोड्यासारखा वाटायचा. तो साधा आहे. जुलैच्या सुरुवातीला विषुववृत्तापाशी सूर्य उगवतो 67 अंशांवर. उगवत्या सूर्याकडून तुम्हाला एकच रेषा मिळते, त्याच्या काटकोनात. 67 अधिक 90, 157. उलट बाजूला 337. म्हणजे नूननचं काम चोख चाललं होतं. त्याला माहीत होतं की आपण या रेषेवर कुठेतरी आहोत आणि बेटही तिच्यावरच आहे. वर की खाली, एवढंच माहीत नव्हतं. त्यातून त्याच्या नकाशात हाउलंडची जागाच काही मैलांनी चुकलेली होती.

उड्डाणाला तेव्हा 20 तास 13 मिनिटं झाली होती.

सकाळी 10:40 ला इटास्का शोधायला निघालं. लेक्सिंग्टन ही विमानवाहू नौका आली, सहा लाख चौरस किलोमीटरच्या वर समुद्र पालथा घातला, 19 जुलैला शोध थांबला. जानेवारी 1939 मधे न्यायालयाने तिला मृत घोषित केलं. ती बेटाजवळच समुद्रात पडली असावी हे बहुतेकांचं मत, माझंही. बाकी शोध चालूच आहे. 2017 मधे जपान्यांनी पकडल्याचा म्हणून एक फोटो गाजला, तो 1935 च्या पुस्तकात आधीच छापलेला निघाला. 2019 मधे टायटॅनिक शोधणाऱ्या रॉबर्ट बॅलार्ड यांनी निकुमारोरो बेटाभोवतीचा समुद्र तपासला, काही मिळालं नाही. जानेवारी 2024 मधे समुद्रतळावर विमानासारखं काही सोनारवर दिसलं म्हणून पुन्हा बातम्या आल्या. नोव्हेंबरमधे कळलं की तो खडक होता.

हाउलंडवर मुलं पुढे चार वर्षं राहिली. बेटावर तिच्या नावाने एक दीपस्तंभ उभारला, एअरहार्ट लाइट. डिसेंबर 1941 मधे पर्ल हार्बरच्या पाठोपाठ जपानी विमानांनी तिथे बॉम्ब टाकले. रिचर्ड व्हेली आणि जोसेफ केलीहानानुई हे दोघे मारले गेले. बेटावर हक्क सांगायला ठेवलेली मुलं. यांच्यावर मात्र दिवाळी अंकात लेख येत नाहीत.

आज तिथे कुणी राहत नाही. पक्ष्यांचं अभयारण्य आहे, पाऊल ठेवायला अमेरिकन सरकारची परवानगी लागते. धावपट्ट्या झुडपात गेल्या. लाएचा तो जुना विमानतळही बंद झाला, विमानं आता नाडझाबला उतरतात. माझं फंक्शन मात्र सोमवारी प्रॉडक्शनला जाईल. ताशी 800 किलोमीटरने त्याने काढलेला लाए-हाउलंड प्रवासाचा वेळ आहे 5 तास 9 मिनिटं. टेस्ट पास.